कॅमेऱ्याचे प्रश्न: लांबून मॅक्रो, तेही कमी पैशात

उन्हाळाभर लग्नाच्या फोटोंचीच पत्रं होती, पाऊस पडला आणि सगळे किड्यांवर आले, म्हणजे मॅक्रोवर, बारीकशा गोष्टीच्या जवळून काढलेल्या मोठ्या फोटोवर. यंदाची बहुतेक पत्रं फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, की किडा जवळ जाऊ देत नाही आणि लांबून काढला तर दिसत नाही. त्यामुळे या वेळी बाकीचे विषय बाजूला, सगळा अंक याच एका प्रश्नाचा.

दादा, नमस्कार. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, सोबत मिळालेल्या दोन्ही लेन्स, १८-५५ आणि ५५-२५०. गच्चीवर आणि कधी इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यात जाऊन फुलपाखरं, चतुर, उड्या मारणारे कोळी यांचे फोटो काढते. १८-५५ घेऊन जवळ गेलं की भुर्रकन उडून जातात, आणि २५० ने लांबून काढलं तर फोटोत एवढंसं दिसतं. बजेट ओढूनताणून वीस हजार. कोणी म्हणतं १०० ची मॅक्रो घे, कोणी म्हणतं १८० शिवाय मजाच नाही. काय घेऊ? (सुदामानगर)

ताई, १८० वाल्यांचं चूक नाहीये, फक्त ते तुमच्या खिशातून बोलतायत. खऱ्या अर्थाने टेलिफोटो (लांबचं जवळ आणणाऱ्या) मॅक्रो म्हणाव्यात अशा लेन्स म्हणजे कॅननची १८० एफ/३.५ एल, सिग्माच्या १५० आणि १८०, निकॉनची २०० एफ/४. सगळ्या उत्तम आणि सगळ्या वीस हजारांच्या बाहेर, सेकंड-हँडसुद्धा. तेव्हा त्यांचं नाव आत्ता सोडून द्या, पण लोक त्या का घेतात ते समजून घ्या, कारण तीच गोष्ट आपल्याला स्वस्तात मिळवायचीय.

ती गोष्ट म्हणजे अंतर. लेन्सच्या माहितीत 'मिनिमम फोकस डिस्टन्स' लिहिलेलं असतं आणि सगळ्यांना वाटतं की ते काचेपासून किड्यापर्यंतचं अंतर, तर ते तसं नसतं, ते सेन्सरपासून मोजतात, म्हणजे त्यात आख्खी लेन्स आणि अर्धी बॉडी आली. टॅमरॉनची ९० मिमी मॅक्रो कागदावर २९ सेंटीमीटर सांगते, पण १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा, काचेच्या पुढे हातात उरतात जेमतेम दहा. कॅननच्या १०० ला ३० लिहिलंय, उरतात चौदा-पंधरा. निकॉनच्या २०० ला ५० लिहिलंय आणि खरोखरचे २६ उरतात. हूड लावलं तर त्यातूनही वजा. फुलपाखराला दहा सेंटीमीटरवर आलेली काळी नळी आवडणार नाही हे उघड आहे, कोळी मात्र एवढं मनावर घेत नाही, उलट वळून तुमच्याकडेच बघत बसतो.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघू. ५५-२५० ही टेलिफोटो आहेच, तिचं दुखणं एवढंच की ती जवळचं फोकस करत नाही. जुनं मॉडेल १.१ मीटरवर थांबतं, एसटीएम वालं ८५ सेंटीमीटरवर, आणि दोन्हींचं मॅग्निफिकेशन, म्हणजे सेन्सरवरचा आकार खऱ्याच्या किती पट, साधारण ०.३ च्या आसपास. तुमचा सेन्सर २२.३ मिमी रुंद आहे, म्हणजे २५० ला अगदी जवळ जाऊनसुद्धा फ्रेममध्ये सात-साडेसात सेंटीमीटरचा पट्टा येतो, त्यात तीन मिलिमीटरचा कोळी कुठे शोधायचा?

तिला जवळचं दिसायला लागावं म्हणून पुढे क्लोज-अप लेन्स लावायची. चाळिशीनंतर आपण पेपर वाचायला चष्मा लावतो, हे अगदी तेच, नंबरसुद्धा तसाच डायॉप्टरमध्ये असतो. हिशेब एकदा कळला की दुकानदार तुम्हाला फसवू शकत नाही, म्हणून सांगतो. १००० ला डायॉप्टरने भागा, येईल तेवढ्या मिलिमीटरवर किडा हवा, लेन्सचा फोकस इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबवर, ठेवून. आणि मॅग्निफिकेशन हवं असेल तर झूमच्या मिलिमीटरला डायॉप्टरने गुणा आणि १००० ने भागा. रेनॉक्सची डीसीआर-१५० ही ४.८ डायॉप्टरची आहे, म्हणजे अंतर आलं साधारण २०८ मिमी, आणि तुमच्या २५० ला मॅग्निफिकेशन आलं १.२. नीट बघा, १:१ च्या वर गेलात आणि काचेपुढे वीस सेंटीमीटर शिल्लक, १०० मिमीच्या मॅक्रोपेक्षा जास्त. लेन्स जवळ फोकस केली तर मॅग्निफिकेशन आणखी वाढतं आणि अंतर थोडं कमी होतं.

यातली आणखी एक गंमत लोकांच्या लक्षात येत नाही. झूम कमी-जास्त केलं तरी अंतर तेच राहतं. १०० मिमीला आणलं की मॅग्निफिकेशन ०.४८, म्हणजे साडेचार सेंटीमीटरचा पट्टा, आख्खं फुलपाखरू बसलं, तिथेच उभं राहून २५० ला नेलं की फक्त डोळे आणि सोंड. १०० च्या मॅक्रोत यासाठी पुढेमागे सरकावं लागतं आणि सरकलं की समोरचा पसार. अगदी ५५ पर्यंत मात्र आणू नका, रेनॉक्सची काच लहान आहे, कोपरे काळे होतात.

ही स्प्रिंगच्या चिमट्याने लेन्सच्या पुढे अडकवायची असते, ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टर थ्रेडवर बसते, तुमचा ५८ आहे तेव्हा प्रश्नच नाही. फुलपाखराला वीस सेंटीमीटरही कमीच वाटतात ही तक्रार होईल, मान्य आहे. फक्त फुलपाखरंच काढायची असती तर मी तुम्हाला कॅननची ५००डी सांगितली असती, नाव कॅमेऱ्याचं वाटतं पण ती क्लोज-अप लेन्सच आहे, २ डायॉप्टर, अर्धा मीटर अंतर, २५० ला ०.५ पट. किंवा मारुमीची +३ ची अक्रोमॅट (रंग सांभाळणारी क्लोज-अप लेन्स), अंतर ३३ सेंटीमीटर आणि ०.७५ पट. पण तुम्हाला कोळीही हवाय, म्हणून आधी डीसीआर-१५०, मन भरलं की मग वर्षा-दोन वर्षांनी दुसरी. डीसीआर-२५० ला मात्र आत्ता हात लावू नका, ती ८ डायॉप्टरची, साडेबारा सेंटीमीटरवर आणते आणि २५० ला दुप्पट मोठं करते, हातात धरून शिकणाऱ्याला त्यात फक्त धुकं दिसतं.

आणि ऑनलाइन +१, +२, +४, +१० असा चारचा सेट अगदी किरकोळ भावात दिसेल, तो घेऊ नका. त्यात प्रत्येकी एकच काच असते, पंखाच्या कडेला जांभळी-हिरवी किनार आणि फ्रेमच्या कडा विरघळलेल्या. वर सांगितलेल्या सगळ्यांत दोन किंवा जास्त काचा आहेत, रंग सांभाळायला. पैशाचा फरक त्या दुसऱ्या काचेचा आहे.

वीस हजारांत हे आरामात बसतं आणि मोठी रक्कम उरते. आता माझं मत, आणि यावर मी वाद घालायला तयार आहे: उरलेले पैसे दुसऱ्या लेन्सवर नाही, फ्लॅशवर घाला.

का ते सांगतो. १:१ ला एफ/११ ठेवलं, म्हणजे लेन्सचं भोक (ॲपर्चर) बारीक केलं, तरी तुमच्या सेन्सरवर शार्प राहणारा भाग (डेप्थ) एक मिलिमीटरही भरत नाही. १८० घेतली म्हणून तो वाढत नाही बरं का, मॅग्निफिकेशन तेच आणि एफ नंबर तोच तर डेप्थही तीच, लांब लेन्स तुम्हाला अंतर देते आणि मागचं मोकळं गुळगुळीत बॅकग्राउंड देते, डेप्थ देत नाही. म्हणजे एफ/८ ते एफ/११ शिवाय गत्यंतर नाही, एफ/१६ च्या पुढे गेलात तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरल्याने, सगळंच मऊ होतं. आता इंदूरच्या जुलैतल्या ढगाळ सकाळी एफ/११ ला २५० मिमीवर हात न हलता किती शटर मिळेल? लेन्समधलं आयएस, म्हणजे हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय, मदत करतं पण एवढ्या जवळून फार नाही, आणि तुम्ही पुढेमागे डुलता ते तर त्याला कळतच नाही. फ्लॅशचा झटका सेकंदाच्या इतक्या लहान भागाचा असतो की हलणं दिसतच नाही. मॅन्युअल मोड, शटर १/२००, एफ/११, आयएसओ २००-४००, आणि फ्लॅशची ताकद कमी-जास्त करून फोटो काढायचा.

पण थांबा, पैसे देण्याआधी १५००डी ची एक भानगड ऐका. या कॅमेऱ्याच्या वरच्या हॉट-शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत, मधली पिन कॅननने दिलेलीच नाही, ३०००डी आणि २००डी मार्क टू मध्येही तेच. जगभरचे साधे मॅन्युअल फ्लॅश त्याच पिनवर उडतात, म्हणून ते तुमच्या कॅमेऱ्यावर चढतील, लाल दिवा दाखवतील आणि उडणार नाहीत. कॅननसाठीचाच टीटीएल फ्लॅश (कॅमेऱ्याशी बोलून उजेड ठरवणारा) लागेल, गोडॉक्सचे कॅनन मॉडेलचे चालतात पण फर्मवेअर नवं हवं. फोनवर विचारून भागणार नाही. कॅमेरा पिशवीत घाला, दुकानात जा, फ्लॅश चढवून काउंटरवर उडवून दाखवा म्हणा, उडला तर पैसे द्या.

उघडा फ्लॅश मारू नका, कोळ्याच्या डोळ्यात पांढरा टिपका आणि बीटलच्या पाठीवर जळलेला डाग येतो. बटर पेपर किंवा पातळ पांढरा फोम घेऊन फ्लॅशपासून पुढे लेन्सच्या तोंडावर झुकेल असा छज्जा करा, जितका मोठा आणि किड्याच्या जितका जवळ तितका उजेड मऊ. कॅमेऱ्याचा स्वतःचा पॉप-अप यात चालत नाही, लेन्स एवढी पुढे येते की तिचीच सावली किड्यावर पडते.

फोकस हाताने. एएफ बंद करा, झूम ठरवा, आणि मग अंगानेच सावकाश पुढे झुका, डोळा शार्प झाला की दाबा, तीन-चार सलग. कोपर गुडघ्यावर टेकवलंत तर अर्धं काम झालं. ट्रायपॉडबद्दल या महिन्यात बऱ्याच जणांनी विचारलंय, तर फ्लॅश असेल आणि किडा जिवंत असेल तर ट्रायपॉड घरी ठेवा, तो उघडेपर्यंत किडा बायपासला पोचलेला असतो.

माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे. एक ओळखीचे टॅमरॉन ९० मिमी एफ/२.८ मॅक्रो विकतायत, लेन्स दिसायला नवीकोरी. ते म्हणतात ऑटोफोकस चालेल, माझा मित्र म्हणतो चालणार नाही. कोण खरं? (राजेंद्रनगर)

दोघंही खरे असू शकतात. त्या लेन्सचे निकॉनसाठी दोन प्रकार निघाले, जुन्यात मोटर नाही, बॉडीतल्या मोटरने स्क्रू फिरवून फोकस होतो, नंतरच्यात मोटर आतच आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत मोटर नसते, त्यामुळे जुना प्रकार तुमच्याकडे फक्त हाताने फोकस होईल. बॉडीला लावून अर्धं शटर दाबा, दोन सेकंदात निकाल.

पण खरं विचाराल तर १:१ ला ऑटोफोकस असून-नसून सारखाच, तो पुढेमागे शोधत बसतो. जुना प्रकार त्यामुळे स्वस्त मिळत असेल तर मी म्हणेन घ्या, काच तीच उत्तम आहे, टॅमरॉनची ९० ही १९७९ पासून वेगवेगळ्या रूपात येतेय आणि नाव उगाच झालेलं नाही. (ती पहिली एफ/२.५ ची होती आणि १:२ पर्यंतच जायची.) घेताना खोलीतला दिवा बंद करून लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा, मागून आणि पुढून दोन्हीकडून. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी, दोनशे रुपये कमी करतो म्हणाले तरी परत द्या. फोकस रिंग इन्फिनिटीपासून १:१ पर्यंत पूर्ण फिरवा, मध्ये कुठे अडकायला नको, आणि नळी बाहेर येईल तर घाबरू नका, ती तशीच आहे.

अंतराचं मात्र वर लिहिलंय ते तुम्हालाही लागू, काचेपुढे दहा सेंटीमीटर. कोळी, मुंग्या, सुरवंट, फुलांचे पुंकेसर यांना भरपूर. दुपारचा चतुर नाही मिळणार.

निकॉनवरच मॅक्रो लेन्स लावली की जवळ जाताना एफ नंबर आपोआप वाढतो, २.८ वरून ५ च्या जवळ. लेन्स खराब आहे का? (लोकमान्यनगर)

नाही हो. जवळ फोकस केलं की सेन्सरवर पोचणारा उजेड खरोखरच कमी होतो, निकॉन ते प्रामाणिकपणे दाखवतं, कॅनन दाखवत नाही पण होतं तिथेही तेच. साध्या हिशेबाने १:१ ला दोन स्टॉपचा फटका, म्हणजे उजेड पाव उरतो. क्लोज-अप लेन्स लावून मॅग्निफिकेशन वाढवलं तर हा फटका बसत नाही, हा तिचा एक फायदा वरच्या उत्तरात सांगायचा राहिलाच.

एक्स्टेंशन ट्यूब सगळ्यात स्वस्त पडतात असं ऐकलं. माझ्या ५५-२५० ला तिन्ही ट्यूब लावल्या तरी फार मोठं दिसत नाही. काय चुकतंय? (वैशालीनगर)

लेन्स चुकीची आहे, ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) बरोबर आहे. ट्यूबमुळे किती मॅग्निफिकेशन वाढेल, तर ट्यूबची जाडी भागिले लेन्सचे मिलिमीटर. १२, २० आणि ३६ अशा तिन्ही मिळून ६८ मिमी होतात, २५० वर ती भर ०.२७ ची, आणि तेवढ्यासाठी उजेडही घालवला, लेन्सही लोंबायला लागली. तीच ६८ मिमी ५० च्या लेन्सवर लावा, १.३६ ची भर पडते, पण मग किडा काचेला चिकटल्यागत जवळ. म्हणून नियम सोपा, आखूड लेन्सला ट्यूब, लांब लेन्सला क्लोज-अप लेन्स. उलटं केलंत की पैसे गेले.

आणि ज्यात सोन्याच्या रंगाचे कॉन्टॅक्ट नाहीत अशी साधी पोकळ ट्यूब कॅननला घेऊ नका, कॅननचं ॲपर्चर विजेवर चालतं, तार तुटली की ते पूर्ण उघडंच राहतं आणि एफ/११ विसरा.

सेकंड-हँड दुकानात ७०-३०० मिळतेय, टॅमरॉन किंवा सिग्मा, दोन्हींवर 'मॅक्रो' लिहिलंय. भाव अगदी कमी आहे म्हणून शंका येतेय. यात खरंच मॅक्रो होतो का? (खातीवाला टँक)

शंका रास्त आहे, झूम लेन्सवर 'मॅक्रो' हा शब्द कंपन्या मीठ-मिरचीसारखा टाकतात. पण या दोघींच्या बाबतीत थोडं तथ्य आहे. दोन्हींवर एक छोटं स्विच असतं, टॅमरॉनमध्ये १८० ते ३०० च्या मध्ये आणि सिग्मात २०० ते ३०० च्या मध्ये असतानाच ते सरकतं, सरकवलं की लेन्स ९५ सेंटीमीटरपर्यंत जवळ येते आणि १:२ मिळतं. १:२ म्हणजे तुमच्या क्रॉप सेन्सरवर साडेचार सेंटीमीटरचा पट्टा, फुलपाखरू आणि चतुर दोन्हीला पुरतं, आणि एवढ्या लांबून की त्यांना कळतही नाही. फक्त फुलपाखरांचा नाद असेल तर यापेक्षा स्वस्त उपाय माझ्या माहितीत नाही.

दुखणीही ऐकून घ्या. स्टॅबिलायझेशन नाही. ३०० ला पूर्ण उघड्या ॲपर्चरवर कडांना जांभळी किनार येते, सिग्माच्या एपीओ लिहिलेल्या मॉडेलमध्ये कमी, म्हणून एफ/८ ते एफ/११ वर ठेवायची. ऑटोफोकस सावकाश आणि कुरकुरत चालतो. उन्हात काम करा, शटर १/५०० च्या वर ठेवा.

कॅननवाल्यांनी एक चाचणी दुकानातच करायची. सिग्माच्या फिल्मच्या जमान्यातल्या जुन्या लेन्स डिजिटल कॅननवर लावल्या की पूर्ण उघड्या ॲपर्चरला फोटो निघतो आणि ॲपर्चर बंद केलं की कॅमेरा एरर दाखवून अडून बसतो. दुकानदार नेमका उघड्या ॲपर्चरचा फोटो काढून दाखवतो, 'देखो भिया, मक्खन चल रही है'. तुम्ही एफ/८ करा आणि मग शटर दाबा. निकॉनवाल्यांनी वरचंच मोटरचं बघायचं, टॅमरॉनच्या या लेन्समध्येही दोन्ही प्रकार आहेत. आणि जाता जाता, निकॉनच्या स्वतःच्या एएफ-पी ७०-३०० च्या मागे असाल तर तुमची बॉडी कुठली ते आधी तपासा, डी३१००, डी५१००, डी७००० असल्या जुन्या बॉडीवर तिचा फोकस होतच नाही, हातानेसुद्धा नाही.

बाबांचा जुना निकॉनचा फिल्म कॅमेरा आहे, त्याला ५० मिमी एफ/१.८ लेन्स. माझा कॅमेरा कॅनन. ती लेन्स कशाला वापरता येईल का, की शोकेसमध्येच ठेवू? (रामबाग)

शोकेसमधून काढा आधी, पावसाळ्यात बंद लाकडी कपाटासारखी बुरशीला आवडती जागा नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, पिठाचा प्लास्टिकचा डबा चालतो.

वापर दोन प्रकारे होईल. निकॉनची लेन्स कॅननवर पातळ ॲडॅप्टरने बसते, कारण लेन्स ते सेन्सर अंतर निकॉनला ४६.५ मिमी लागतं आणि कॅननमध्ये ते ४४ आहे, त्या अडीच मिलिमीटरच्या फटीत रिंग मावते. उलट म्हणजे कॅननची लेन्स निकॉनवर अशी बसत नाही, कोणी विकत असेल तर हसून पुढे जा.

दुसरा वापर जास्त मजेचा. तुमच्याकडे ५५-२५० असेल तर तिच्या तोंडावर ही ५० मिमी उलटी लावा. दोन्ही बाजूंना आटे असलेली कपलिंग रिंग मिळते, एकीकडे ५२ आणि दुसरीकडे ५८ अशी मागा, आठवणीने मापं लिहून न्या. मॅग्निफिकेशन म्हणजे मागची भागिले पुढची, २०० ला ठेवलं तर चारपट. तुमची आख्खी फ्रेम साडेपाच मिलिमीटरची झाली, दोन-तीन मोहरीचे दाणे मावतील एवढी. बाबांची लेन्स पूर्ण उघडी ठेवायची आणि ॲपर्चर मागच्या लेन्सचं बंद करायचं, नाहीतर फोटो गोल भोकातून काढल्यासारखा येतो. अंतर साडेचार सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे जिवंत फुलपाखराला हे नाही, पण गच्चीवर मरून पडलेल्या पाकोळीचा पंख ठेवा खाली, कौलासारखे एकावर एक रचलेले खवले दिसतील, एकेक मोजता येण्याइतके. इथे ट्रायपॉड हवाच, आणि पंखा बंद.

आमचं सराफ्यात दुकान आहे, दागिन्यांचे फोटो ऑनलाइन टाकायचे असतात. त्यासाठीही टेलिफोटो मॅक्रोच घ्यावी का?

नाही. अंगठी उडून जात नाही. १८-५५ ला एक १२ मिमीची कॉन्टॅक्टवाली ट्यूब, ट्रायपॉड, दोन बाजूंना पांढरे कागद आणि खिडकीचा उजेड. उरलेल्या पैशात नीट पांढरा बॅकग्राउंड घ्या.

नववीत आहे. इंदूरमध्ये मॅक्रोसाठी कुठे जावं? घरचे लांब जाऊ देत नाहीत.

अरे, लांब कशाला जायचं? घरात कढीपत्त्याची कुंडी किंवा लिंबाचं झाड आहे का बघ. कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय याच पानांवर अंडी घालतात, सुरवंट लहान असताना चक्क पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो, मोठा झाला की हिरवा होतो, आणि तो जागचा हलत नाही, त्यामुळे सरावाला त्याच्यासारखा मॉडेल नाही. आई कढीपत्ता तोडायच्या आधी बघत जा. मोकळ्या प्लॉटवर रुई असेल तर तिच्यावर प्लेन टायगर हमखास, फक्त रुईचा चीक हाताला लागला तर तोच हात डोळ्याला लावू नकोस, चीक वाईट असतो. पहिल्या पावसात बागेतल्या मातीत लालभडक मखमली मृगाचे किडे निघतात, ते थोडेच दिवस असतात, ते चुकवू नकोस.

मोठं कोणी सोबत असेल तर सिरपूर तलावावर जा, २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेलाय, लोक तिथे पक्ष्यांसाठी मोठ्या लेन्स घेऊन येतात पण काठच्या गवतात चतुर आणि टाचण्या (चतुराचे बारीक भाऊबंद) ढिगाने असतात. सकाळी लवकर पोच. रात्रभर गारठलेला चतुर ऊन अंगावर येईपर्यंत गवताच्या काडीला तसाच धरून बसलेला असतो, पंखावर दव असतं, तेव्हा अगदी जवळ जाता येतं. किडा शांत बसावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कोणीतरी देईल, तसलं काही करू नकोस. आणि कॅमेरा कुठला आहे ते तू लिहिलंच नाहीस, ते कळव, मग लेन्सचं बघू.